कर्नलच्या लॉगमध्ये पत्ता छापताना

(जळगाव येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा कोड) लिहायला बसलेला माणूस सुरुवातीच्या दिवसांतच एक ओळ लिहितो. प्रोब झाला, म्हणजे ड्रायव्हरला त्याचं डिव्हाइस सापडलं, आणि डिव्हाइसचं स्ट्रक्चर मेमरीत अमुक पत्त्यावर मिळालं. प्रिंटके हे कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ओळ लिहिणारं फंक्शन, त्यात पत्ता छापायची खूण परसेंट पी (%p), आणि पुढे पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता धरणारं व्हेरिएबल. सी शिकताना प्रिंटएफवर हात बसलेला असतो, त्यामुळे ही ओळ विचार न करताच लिहिली जाते. आज मी फक्त या एका ओळीबद्दल बोलणार आहे, कारण ती कशी लिहावी हे तुम्हाला पहिल्या मॉड्यूलपासून कळलेलं असावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुमच्यातले बरेच जण ठिबकच्या कंट्रोलरवर प्रकल्प करत आहेत. रावेर-यावलच्या केळीबागेत बसणारा छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स, मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर आणि व्हॉल्व्ह. तो अडला की तुम्ही काय करता? डीमेसेजचा, म्हणजे कर्नलच्या लॉगचा, सगळा मजकूर उचलता आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकता, नाहीतर बोर्ड विकणाऱ्याच्या मदत केंद्राला पाठवता. त्यात काही गैर नाही, लॉग असतोच त्यासाठी. पण ओळ लिहिताना ती पुढे कोण वाचणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि तो बोर्ड शेतात चालूच असतो.

आता पत्ता कळला तर बिघडतं काय? कर्नलमध्ये चुका असतात. कुठे बफरच्या (डेटासाठी राखलेल्या जागेच्या) बाहेर लिहिलं जातं, कुठे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरली जाते. अशा चुकीचा फायदा घेणाऱ्याच्या हाती बहुधा एवढीच ताकद येते की, एखाद्या ठिकाणी आपल्या मनातली किंमत लिहिता यावी. पण लिहायची कुठे? ठिकाण चुकलं तर मशीन कोसळतं आणि त्याच्या पदरी काही पडत नाही. त्याला ठिकाण कळू नये म्हणून कर्नल दर बूटला, म्हणजे मशीन सुरू होताना, मेमरीतला आपला मुक्काम यादृच्छिकपणे हलवतो. त्याला केएएसएलआर म्हणतात. एक्स८६वर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर, ही सोय २०१४ साली ३.१४ आवृत्तीत आली आणि २०१७ साली ४.१२पासून न मागता चालू असते.

पण हा मुक्काम हलतो कसा, ते नीट समजून घ्या. कर्नलचा कोड सगळा एकत्रच सरकतो. भुसावळच्या यार्डात मालगाडी कोणत्या रुळावर, किती पुढे उभी आहे हे माहीत नाही. पण वाघिणींचा क्रम कागदावर आहे. एक वाघीण सापडली की बाकी सगळ्या सापडल्या. तुमच्या ड्रायव्हरने कर्नलमधल्या एका फंक्शनचा खरा पत्ता छापला की तेच होतं. त्या आवृत्तीची बायनरी कुणालाही उतरवून घेता येते, त्यातून वजाबाकी केली की सगळी फंक्शनं उघडी पडतात. त्यात ६४-बिट एक्स८६वर कोड ठेवायला जागा आहे १ जीबीची आणि सरकतो तो २ एमबीच्या टप्प्याने. म्हणजे जेमतेम ५१२ ठिकाणं. संरक्षण मुळातच पातळ आहे. मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीच्या काळात आपण हेही पाहिलं की प्रोसेसरच्या वेळेतल्या बारीक फरकांवरूनसुद्धा पत्त्याचा माग काढता येतो. म्हणून काही जण म्हणतात, मग लपवायचं कशाला? मला हे पटत नाही. चोरवाटेने माग काढायला कसब लागतं, वेळ लागतो. लॉगमध्ये छापलेला पत्ता कुणालाही फुकट मिळतो.

यावर पहिला उपाय २०११ साली आला, २.६.३८मध्ये. परसेंट पीके. पत्ता छापण्याआधी अधिकार तपासणारी ही खूण, आणि जोडीला केपीटीआर-रिस्ट्रिक्ट नावाची सेटिंग. किंमत १ ठेवली तर विशेष अधिकार नसलेल्याला पत्त्याऐवजी शून्यं दिसतात. २ ठेवली तर कुणालाच पत्ता दिसत नाही, रूटला, म्हणजे सर्वाधिकारी युजरलाही नाही. ऐकायला चोख आहे. पण त्यात एक फट आहे, आणि या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मला तीच वाटते.

अधिकार तपासायचा कुणाचा? वाचणाऱ्याचा. परसेंट पीके तपासतो तो त्या क्षणी जी प्रोसेस चालू आहे तिचा. प्रॉकमधली, म्हणजे कर्नल आपली माहिती जिथे फाइलच्या रूपात दाखवतो तिथली, फाइल वाचताना हे जुळतं, कारण वाचणाराच त्या क्षणी कर्नलमध्ये शिरलेला असतो. पण तुम्ही प्रिंटकेमध्ये परसेंट पीके लिहिलात तर ती ओळ लॉगमध्ये लिहिली जाते तेव्हा चालू कोण असतं? कदाचित रूटने मॉड्यूल लोड केलेलं असतं. मग तपासणी पास होते आणि पत्ता लॉगमध्ये उतरतो. नंतर तो लॉग साधा युजर वाचो की ग्रुपवरचे सगळे वाचोत, तपासणी होऊन गेलेली असते. इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने मध्येच दिलेली हाक, चालू असताना तर चालू प्रोसेसचा आणि या कामाचा काही संबंधच नसतो. म्हणून सेटिंग १ असताना तिथे पत्त्याच्या जागी ‘पीके-एरर’ एवढंच छापलं जातं.

फाइलच्या बाबतीतही एक खाच राहिलीच होती. साध्या युजरने फाइल उघडायची आणि उघडलेली तशीच एखाद्या सेटयूआयडी, म्हणजे आपल्या मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या, प्रोग्रामच्या हातात द्यायची. वाचताना अधिकार रूटचे! त्यावर उपाय म्हणून प्रोसेसची खरी ओळख आणि चढवलेली ओळख सारखी आहे का, हेही कर्नल पाहतो. कर्नलच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की हा तात्पुरता इलाज आहे, तपासणी खरं तर फाइल उघडतानाच व्हायला हवी. तेव्हा परसेंट पीके कुणी प्रिंटकेमध्ये वापरलेला दिसला तर तो काढायला सांगा.

आणि मुळात पीके वापरायचं लक्षात ठेवायला लागायचं. कर्नलमध्ये साधे परसेंट पी हजारोंनी होते. म्हणून जानेवारी २०१८मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत टोबिन हार्डिंग यांच्या पॅचने बाजू उलटली. साधा परसेंट पी आता खरा पत्ता छापतच नाही. बूटच्या वेळी तयार झालेली गुप्त किल्ली घेऊन सिपहॅश हे फंक्शन पत्त्यावर चालवतात (म्हणजे त्याचा हॅश, मूळ पत्ता ओळखता न येणारा आकडा, बनवतात) आणि त्यातून निघालेले ३२ बिट छापतात. ६४-बिट मशीनवर सुरुवातीची आठ शून्यं दिसतात ती यामुळे. काही न करणारा माणूस आपोआप सुरक्षित बाजूला राहतो, ही रचना मला फार आवडते. ज्याला खरा पत्ता हवाच आहे त्याने परसेंट पीएक्स असं मुद्दाम लिहायचं. ते ग्रेप या शोधण्याच्या आज्ञेने सापडतं, आणि पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट त्यावर इशाराही देते.

आता आपल्याकडचा अनुभव. हॅशचा उपयोग तुलनेसाठी होतो. एकाच बूटमध्ये एका पत्त्याचा हॅश एकच येतो, त्यामुळे दिलेलं बफर आणि सोडलेलं बफर तेच का, हे कळतं. पण शेतीच्या फीडरला वीज पाळीने येते. बॅटरी नसलेला बोर्ड वीज गेली की बंद, आली की पुन्हा बूट, आणि किल्ली नवी. काल रात्रीच्या लॉगमधला हॅश आज सकाळच्या हॅशशी जुळवत बसू नका. ओळख टिकायला हवी असेल तर चॅनेलचा क्रमांक छापा, अनुक्रमांक छापा.

दुसरी गोष्ट, अशा लहान बोर्डावर सुरुवातीच्या काही ओळींत पत्त्याच्या जागी ‘पीटीआरव्हॅल’ असा शब्द कंसात दिसतो. तुमचा कोड बिघडलेला नाही. किल्ली बनवायला पुरेशी यादृच्छिकता अजून जमलेली नसते, आणि कच्च्या किल्लीने छापण्यापेक्षा कर्नल छापायचंच टाळतो.

मघाशी एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, पत्ता दिसलाच नाही तर डीबग कसं करायचं?” मी तिला उलट विचारतो, तुला पत्त्यातून नक्की काय हवं होतं? पॉइंटर रिकामा आहे का, एवढंच? हल्लीचा परसेंट पी नल पॉइंटर हॅश न करता तसाच दाखवतो. पत्त्याऐवजी एररचा क्रमांक धरणारा एरर पॉइंटर आहे? मग परसेंट पीई वापर, ईनोमेम (मेमरी अपुरी) असं नावच छापून येईल. कोणतं फंक्शन बोलावलं जातंय ते हवंय? परसेंट पी आणि मोठा एस. फंक्शनचं नाव, त्यात किती बाइट आत, एकूण लांबी किती, हे सगळं मिळतं. मुक्काम कुठे आहे ते मात्र फुटत नाही, आणि वाचायलाही नाव सोळा अंकांपेक्षा बरं. कोणतं डिव्हाइस हे हवंय? डेव्ह-इन्फो वापर, डिव्हाइसचं नाव आपोआप पुढे लागतं. हार्डवेअर रजिस्टरचा भौतिक पत्ता हवा असेल तर परसेंट पीए आहे. तो हॅश होत नाही, आणि तो पत्ता चिपच्या डेटाशीटमध्ये छापलेलाच असतो. फक्त त्याला व्हेरिएबलचा पत्ता द्यावा लागतो, किंमत नाही. भौतिक पत्त्याची रुंदी कॉन्फिगनुसार बदलते म्हणून.

हे सगळं करूनही खरा पत्ताच लागला तर प्रयोगशाळेतल्या बोर्डावर नो-हॅश-पॉइंटर्स हे बूट पॅरामीटर द्या. २०२१च्या ५.१२पासून ते आहे. कोड बदलावा लागत नाही, आणि कर्नल बूट होताना लॉगमध्ये चौकटीत ठळक सूचना टाकतो. तो बोर्ड शेतात जाऊ देऊ नका.

एक पळवाट मात्र मी पुन्हा पुन्हा पाहतो, आणि ती पाहून खरंच वाईट वाटतं. हॅश दिसला की पॉइंटर अनसाइन्ड लाँगमध्ये कास्ट करायचा, म्हणजे त्याचा साधा पूर्णांक बनवायचा, आणि परसेंट एलएक्सने छापायचा. हे पीएक्सपेक्षा वाईट. पीएक्स निदान शोधता येतो. कास्ट केलेला पत्ता साध्या आकड्यांत मिसळतो आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

उप्सबद्दल, म्हणजे कर्नलमध्ये चूक झाली की तो लॉगमध्ये टाकतो त्या अहवालाबद्दल, थोडं. कॉल ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं त्या यादीत) आता नावं आणि ऑफसेट असतात, पण रजिस्टरच्या किंमती कच्च्याच छापल्या जातात, त्यांत कर्नलचे खरे पत्ते असतात. पॅनिक झाला, म्हणजे चूक सावरता न येऊन सगळंच थांबलं, तर कर्नल स्वतःच ‘कर्नल ऑफसेट’ म्हणून आपण किती सरकलो ते सांगून टाकतो. यात विसंगती नाही. पॅनिकनंतर ते मशीन संपलेलं असतं, पुढच्या बूटला ऑफसेट वेगळा असणार. उप्सनंतर मात्र मशीन बहुधा चालू राहतं. म्हणून उप्सचा लॉग बाहेर पाठवायचा तर आधी बोर्ड रीस्टार्ट करा, मग पाठवा.

पण रीस्टार्टने ऑफसेट बदलेलच, हे ६४-बिट एआरएम प्रोसेसरवर गृहीत धरू नका. तिथे केएएसएलआरला बियाणं, म्हणजे सुरुवातीचा यादृच्छिक आकडा (सीड), कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरकडून डिव्हाइस ट्रीमधून, म्हणजे बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनातून, मिळावं लागतं. नाही मिळालं, आणि प्रोसेसरमध्येही यादृच्छिक आकडा देणारी इन्स्ट्रक्शन नसली, तर कर्नल दर वेळी ठरल्या जागीच उतरतो. मग कालचा पत्ता आजही खरा, आणि एकाच इमेजवर चालणाऱ्या शेजारच्या शेतातल्या बोर्डावरही खरा. कर्नल हे लपवत नाही. सीड नसल्यामुळे केएएसएलआर बंद आहे अशी ओळ तो बूटच्या लॉगमध्ये लिहितो. आज प्रयोगशाळेत परत गेलात की आपापल्या बोर्डावर ती ओळ शोधा. सापडली तर यू-बूट या बूटलोडरच्या कॉन्फिगमध्ये ते बियाणं देण्याची सोय चालू करायची आहे, आणि ते काम आपण पुढच्या शनिवारी सगळे मिळून करू.