तापमान सांगा, तरंगलांबी काढू

(पडद्यावर: छताला टेकलेला फुगा, भिंतीवर तापमापी.)

या फुग्यात हेलियम आहे आणि खोलीत आहे २७ अंश सेल्सिअस. एवढ्या माहितीवर आतल्या अणूची तरंगलांबी काढता येते. हो, अणूचीच.

१९२४ साली पॅरिसमध्ये लुई द ब्रॉयली यांनी आपल्या प्रबंधात मांडलं, की कणालाही तरंगलांबी असते. ती किती? प्लांकचा स्थिरांक (निसर्गातला एक ठरलेला, अतिशय छोटा आकडा) भागिले संवेग. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. वस्तुमान ठाऊक आहे, पण फुग्यात सैरावैरा धावणाऱ्या अणूंचा वेग कोण मोजत बसणार?

ते काम तापमान करतं. अशा वायूत अणूची सरासरी गतिज ऊर्जा दीड के टी असते. के हा बोल्ट्झमनचा स्थिरांक, टी म्हणजे तापमान. ही ऊर्जा संवेगाच्या भाषेत लिहिली, की संवेग मिळतो: तीन एम के टी यांचं वर्गमूळ, एम म्हणजे वस्तुमान. वेग वेगळा काढायची गरजच उरत नाही.

आता आकडे. हेलियमच्या एका अणूचं वस्तुमान ६.६५ गुणिले १० चा उणे २७ वा घात किलोग्रॅम. तापमान ३०० केल्विन, म्हणजे २७ अधिक २७३. हो, नुसते २७ नव्हे! परीक्षेत हमखास पाय घसरतो तो इथेच. केल्विनऐवजी सेल्सिअस घातलं, की उत्तर तिपटीहून जास्त फुगतं.

(पडद्यावर: गणित पायरीपायरीने.)

उत्तर येतं ०.०७३ नॅनोमीटर (नॅनो म्हणजे अब्जावा भाग). काही पुस्तकांत तीनच्या जागी २π (दोन गुणिले पाय) दिसेल, मग उत्तर ०.०५० येतं. भांडायचं कारण नाही. सगळे अणू एकाच वेगाने धावत नाहीत आणि सरासरी काढायच्या रीती अनेक आहेत.

पण कागदावरची ही लांबी खरी कशावरून? हॅम्बर्गमध्ये ऑटो श्टेर्न आणि इमानुएल एस्टरमान यांनी हेलियमचा झोत लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकावर सोडला. त्याच्या पृष्ठभागावर सारख्या आयनांमधलं अंतर सुमारे ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे आपल्या उत्तराच्या जेमतेम चौपट. लाटेला अडखळायला एवढी जाळी पुरते. अणू काही डोळ्यांना दिसत नव्हते. वेगवेगळ्या कोनांत ठेवलेल्या बारीक पोकळीत किती हेलियम शिरतो, ते दाबावरून मोजलं. ठरावीक कोनांवर झोत पुन्हा उसळला. झोताचं तापमान बदललं, तसे कोनही सरकले. १९३० साली निष्कर्ष छापून आले. इलेक्ट्रॉनचं विवर्तन, म्हणजे लाटेसारखं ठरावीक दिशांना विखुरणं, तोवर दिसलं होतं, पण इथे अख्खा अणू लाटेसारखा वागला होता.

सूत्रात तापमान वर्गमुळाखाली, तेही छेदात आहे. म्हणजे तापमान चौथाईवर आणलं, तर लांबी दुप्पट. वाढ कंजूष आहे खरी. पण कोणी गारठवतच राहिलं तर?

(पडद्यावर: लेझरचे आरसे, मधोमध अंधारी नळी.)

५ जून १९९५. अमेरिकेतलं बोल्डर शहर, ‘जिला’ (JILA) नावाची भौतिकशास्त्राची संशोधन संस्था. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी रुबिडियमचे अणू आधी लेझरने, मग चुंबकीय सापळ्यातून जास्त ऊर्जेचे अणू निसटू देऊन थंड केले. गरम चहाची वाफ गेली, की उरलेला चहा निवतो, तसंच. तापमान पोचलं १७० नॅनोकेल्विनवर. रुबिडियमचा अणू हेलियमच्या जवळजवळ बावीसपट जड. खोलीच्या तापमानाला त्याची तरंगलांबी अवघी ०.०१६ नॅनोमीटर. त्याच सूत्रात १७० नॅनोकेल्विन घाला: सुमारे ६६० नॅनोमीटर. तांबड्या प्रकाशाएवढी!

आणि त्या ढगात शेजारच्या अणूचं अंतर? साधारण ७४० नॅनोमीटर. लाटा एकमेकींवर चढू लागल्या आणि वायूचं बोस–आइन्स्टाइन संघनित झालं, म्हणजे अणू मिळून एकाच लाटेसारखे वागू लागले. त्यात अणू होते दोनेक हजार आणि ते टिकलं पंधरा सेकंदांहून जास्त.

या नावातले बोस म्हणजे सत्येंद्रनाथ बोस. ज्या कामातून ही कल्पना पुढे निघाली, ते त्यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनना पत्रासोबत धाडलं होतं ४ जून १९२४ रोजी. बरोबर ७१ वर्षं आणि एक दिवस आधी.