कौलांवरची तार

(सकाळ. मालवणचा किनारा, मागे सिंधुदुर्ग किल्ला. होड्या किनाऱ्याला लागताहेत.)

मासे उतरले, टोपल्या लिलावाकडे गेल्या. आता वर बघा. माडांच्या शेंड्यांवरून एक पांढरी रेघ दक्षिणेकडे चालली आहे. विमान ३५,००० फुटांच्या आसपास असेल. त्याचा आवाज इथवर येत नाही, पण समोरच्या घराच्या कौलांवर एक तार उभी आहे. तिला ते ऐकू येतं.

(जवळून: पाइप, तार, एमसील.)

तांब्याची तार, जेमतेम ७ सेंटिमीटर. हे माप हिशेबाचं आहे. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर बोलतात. त्या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, आणि ही तार तिच्या पाव. या घरातला मुलगा पॉलिटेक्निकला शिकतो. त्याची पहिली तार एका पावसाळ्यात गेली. खाऱ्या वाऱ्यानं जोड हिरवा पडला होता. दुसरी त्यानं पीव्हीसीच्या पाइपात घातली आणि दोन्ही तोंडं एमसीलनं बुजवली.

(लॅपटॉपचा पडदा. नकाशावर सरकणारे ठिपके.)

हा एकेक ठिपका म्हणजे एकेक विमान. रडारचा जुना प्रकार स्वतः लहर सोडतो आणि विमानावर आपटून ती परत येण्याची वाट बघतो. त्यातून विमान कुठे आहे ते कळतं, कोणतं आहे ते कळत नाही, उंचीही कळत नाही. १९९६ च्या १२ नोव्हेंबरला दिल्लीच्या नियंत्रकासमोर असाच पडदा होता. हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानं भिडली, ३४९ माणसं गेली.

दुय्यम रडार विमानाला प्रश्न विचारतो. विमानातला ट्रान्सपाँडर उत्तर देतो: चार आकडी संकेत आणि उंची. रडारची तबकडी फिरून पुन्हा समोर येईपर्यंत काही सेकंद जातात. त्यापुढची पायरी म्हणजे एडीएस-बी. इथे कुणी विचारायचं नाही. विमान जीपीएसवरून आपला ठावठिकाणा काढतं आणि सेकंदाला साधारण दोनदा सगळ्यांना ओरडून सांगतं. मी इथे आहे, इतक्या उंचीवर, या वेगानं. ऐकायला फिरती तबकडी लागत नाही, उभी तार पुरते.

(सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उंच माळावरून, दिसणारा समुद्र. क्षितिज.)

पण तारेलाही क्षितिज असतं. पृथ्वी गोल आहे आणि या लहरी जवळपास सरळ जातात. ३५,००० फुटांवरचं विमान ४०० किलोमीटरवरून ऐकू येतं. ५०० फुटांवरून समुद्रावर चाललेलं हेलिकॉप्टर पाण्याच्या पातळीवरच्या तारेला ५० किलोमीटरपलीकडे ऐकूच येत नाही. रडारलाही हाच नियम, त्यात जमिनीकडच्या बाजूला आमचा सह्याद्री आडवा. म्हणजे जे सर्वांत वर, सर्वांत सुरक्षित, ते स्वच्छ दिसतं. जे पाण्यालगत पावसात उडतं, ते आधी नाहीसं होतं.

आणि कोकणात खालचं आभाळच भरत चाललं आहे. २०२१ च्या ९ ऑक्टोबरला चिपीच्या कातळावर विमानतळ सुरू झाला. २०२३ च्या जानेवारीत गोव्यातला मोपा. दाबोळीला नौदल आहेच, रत्नागिरीला तटरक्षक दल. उत्तरेला मुंबईहून समुद्रातल्या तेलफलाटांकडे हेलिकॉप्टरांची रोजची ये-जा. २०२२ च्या जूनमध्ये त्यातलं एक समुद्रात उतरलं, नऊपैकी चौघं वाचली नाहीत. त्याची कारणं वेगळी, पण समुद्र हाच.

(होडीत. मुलाचे वडील हात लांब करून किनारा दाखवताहेत.)

मुलाचे वडील मासेमारी करतात. जाळं टाकायची जागा त्यांना कुणी सांगत नाही. "डोंगर नि देवळाचो कळस एका रेषेत इले की थंयसरच टाकूचा," ते म्हणतात. एका खुणेवर त्यांचा भरवसा नसतो. दुसऱ्या बाजूची खूण जुळली तरच जागा पक्की.

एडीएस-बीला नेमकी हीच दुसरी खूण हवी. विमान सांगतं ते त्याला जीपीएसनं सांगितलेलं. जीपीएसलाच कुणी फसवलं तर विमान मनापासून चुकीची जागा सांगेल. २०२५ मध्ये दिल्लीला उतरणाऱ्या काही विमानांना असे खोटे संकेत मिळाले, सरकारनं संसदेत तसं सांगितलं. यावरचा उपाय कोळ्यांच्या खुणांसारखाच आहे. किनाऱ्यावर चार ठिकाणी चार तारा उभ्या करायच्या. एकच हाक प्रत्येक तारेपर्यंत वेगवेगळ्या क्षणी पोचते. एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, लहर ३०० मीटर जाते, त्यामुळे वेळेच्या फरकावरून विमानाची खरी जागा काढता येते. ते काय म्हणतंय यावर विसंबावं लागत नाही. घड्याळं मात्र काटेकोर जुळलेली हवीत.

यासाठी उंच जागा लागते, आणि ती कोकणात गावोगाव आहे. सडे आहेत, दीपगृहं आहेत. रडार उभारायला लागतो तसला खर्चही यात नाही. घरच्या उपकरणाच्या भरवशावर कुणी विमान हाकावं असं आम्ही म्हणत नाही, ते काम तपासलेल्या यंत्रणेचंच. पण ती यंत्रणा डहाणूपासून रेडीपर्यंत पाण्यालगतचं सगळं ऐकेल अशी, दाट, असायला हवी. विमानाच्या शब्दाची पडताळणी जमिनीवरून व्हायला हवी. रडार जुने झाले म्हणून काढून टाकणंही परवडणारं नाही.

(संध्याकाळ. सडा, वाळलेलं गवत. बाप-लेक पाइप उभा करताहेत.)

आज तार घरावरून सड्यावर आली आहे. १०० मीटर चढलं की क्षितिज ४० किलोमीटर लांब जातं. वडील जाळ्याच्या दोरीनं पाइप खुंट्याला आवळताहेत. "वायच खाली ओढ, वारो इलो तर पडात."

(पडदा. एक ठिपका दक्षिणेकडे सरकतो आहे.)

मोपाला उतरणारं विमान. घरावरून ते ४,००० फुटांच्या खाली आलं की डोंगरामागे गडप व्हायचं. आता ३,५००. २,९००. २,२००. अजून दिसतंय.