रॉकेटचं नाक

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या रॉकेटच्या नाकाबद्दल, म्हणजे नोज कोनबद्दल. आणि नोज कोन म्हटलं की मला थुंबा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

थुंबा हे तिरुवनंतपुरमजवळचं, समुद्रकाठचं मच्छीमारांचं गाव. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ, म्हणून शास्त्रज्ञ विक्रम साराभाईंनी रॉकेट उडवण्यासाठी ते निवडलं. सेंट मेरी मॅग्डलीन चर्चमध्ये पहिलं कार्यालय थाटलं गेलं. रॉकेटचे भाग सायकलवरून जायचे. सायकलच्या कॅरिअरवरच्या नोज कोनचा, १९६६ सालचा, फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. तर २१ नोव्हेंबर १९६३. अमेरिकन नाइके-अपाची रॉकेट लाँचरवर चढवायचं, आणि क्रेनच्या हायड्रॉलिक यंत्रणेला गळती लागली! संध्याकाळ जवळ आलेली, आणि उड्डाण हवं होतं संधिप्रकाशातच. कारण नाकात भरलं होतं सोडियम. खाली अंधारत असताना वर उन्हात त्याची वाफ नारिंगी चमकणार, आणि ती कशी वाहते त्यावरून उंचावरचा वारा कळणार. मग सगळ्यांनी मिळून अंगबळाने रॉकेट जागेवर बसवलं. आणि ते उडालं! केवढी जिद्द ही! आपल्या मुलांना क्रिकेटचे स्कोअर पाठ असतात, ही तारीखही पाठ असायला हवी.

आता नाक कसं हवं ते बघू. पहिलं, आकार. थुंबाचं रॉकेट आवाजाच्या कितीतरी पट वेगाने जायचं, म्हणून त्याचं नाक अणकुचीदार. आपण बनवतो ते छोटं मॉडेल रॉकेट बहुधा आवाजापेक्षा हळूच उडतं. त्याला हवं गोलसर, गुळगुळीत नाक. पुन्हा सांगतो, हळू रॉकेटला गोलसर नाक. सपाट नाक मात्र हवेला फार अडवतं. प्रदर्शनात चकचकीत टोकाला बक्षीस देणाऱ्या परीक्षकांनी आधी ते रॉकेट उडवून बघावं.

दुसरं, वजन. गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट बोटावर जिथे तोललं जातं ती जागा, हा दाबमध्याच्या, म्हणजे हवेचा एकूण जोर जिथे लागतो त्या जागेच्या पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका नाकाकडे हवा. नसेल तर नाकात थोडी चिकणमाती घट्ट बसवा. गुरुत्वमध्य पुढे, नाहीतर रॉकेट हवेत गोते खातं.

तिसरं, नाकाचा नळीत शिरणारा भाग. तो डब्याच्या झाकणासारखा बसावा. फार घट्ट बसला तर रॉकेटच्या मोटारच्या, म्हणजे इंजिनाच्या, शेवटच्या धमाक्याने नाक सुटत नाही, पॅराशूट आतच राहतं आणि रॉकेट दगडासारखं खाली येतं. फार सैल असेल तर नाक वाटेतच निघतं. म्हणून नाकाला धरून रॉकेट उचला. नाक न सुटता ते उचललं जायला हवं, पण हलकेच ओढल्यावर नाक सुटायला हवं. सैल वाटलं तर मास्किंग टेपचा एक वेढा द्या, घट्ट वाटलं तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. नाकाला बांधलेली लवचीक दोरीही ओढून बघा. ती तुटली तर नाक एकीकडे आणि नळी दुसरीकडे पडते.