एका खांद्यावर चार सरकारं

[दृश्य: लोखंडी पेटीतून निघालेला खाकी कोट. खांद्यावर उसवलेल्या पट्टीची खूण.]

१९४५ साली परभणीत पोलिसात लागलेला आणि वीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झालेला एखादा शिपाई डोळ्यांसमोर आणा. तो भरती झाला तेव्हा सरकार निजामाचं होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि हैदराबाद भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. माणूस गावातच राहिला आणि त्याच्यावरची सरकारं बदलत गेली. म्हणून मराठवाड्यातल्या पेटीत सापडणारा गणवेशावरचा जुना, भरतकामाचा बिल्ला नीट वाचला, तर तो आपला काळ बऱ्यापैकी नेमका सांगतो.

[दृश्य: पूर्णा जंक्शनचा फलाट.]

वाचायला सगळ्यात सोपी रेल्वेची अक्षरं. मनमाडहून जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत हैदराबादकडे जाणाऱ्या या मार्गावर रेल्वेची नोकरी पाहिलेली घरं पुष्कळ आहेत. टोपीवर किंवा कॉलरवर इंग्रजीत ‘एन.जी.एस.आर.’ (निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे) भरलेलं असेल, तर तो माल १९३० च्या आधीचा. तोवर ही रेल्वे कंपनी चालवत होती आणि निजाम सरकार तिला नफ्याची हमी देत होतं. ‘जी’ हे अक्षर त्या हमीचं. १९३० मध्ये सरकारनं रेल्वे स्वतःकडे घेतली, ‘जी’ गळाला आणि ‘एन.एस.आर.’ उरलं. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे आली, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे. अर्थात जुना साठा कुणी एका रात्रीत फेकून देत नाही. वर्षा-दोन वर्षांची सूट धरूनच तारीख सांगावी.

निजामाच्या दरबारी खुणांवर पिवळा रंग, उर्दू लिपी आणि मधोमध एक गोल दिसतो. तो गोल म्हणजे कुलचा, भाजलेली रोटी. पहिल्या निजामाला एका सूफी संतानं जेवू घातलं, त्यानं सात कुलचे खाल्ले आणि सात पिढ्या राज्य कराल असा आशीर्वाद मिळाला, अशी आख्यायिका आहे. ती औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हजरत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्या नावानं सांगतात. पहिल्या निजामाची कबर खुलताबादला आहे. बिल्ल्यावरच्या त्या गोलाचं मूळ असं आपल्याच मातीत येऊन पोचतं.

[दृश्य: भिंगाखाली मुकुटाचं भरतकाम.]

लष्करी बिल्ल्यात नजर आधी मुकुटाकडे जाऊ द्या. हिंगोली, अंबाजोगाई, औरंगाबाद इथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेच्या, छावण्या होत्या. हे सैन्य १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळलं. त्यातल्या पायदळ पलटणींची १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिला कुमाऊं हे नाव मिळालं. बिल्ल्यावर ‘हैदराबाद’ आणि १९ हा आकडा एकत्र असेल, तर या दोन सालांच्या मधला काळ धरा.

आता मुकुट. १९०१ नंतरच्या राजांच्या काळातला मुकुट घुमटासारखा वर फुगलेला असतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मधे खाली दबलेल्या दिसतात. तशाच दबलेल्या कमानींचा मुकुट १९५३ नंतर इंग्लंडमध्ये परत आला. पण २६ जानेवारी १९५० पासून आपल्या सैन्याच्या खांद्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आहेत. त्यामुळे भारतीय पलटणीचं नाव आणि दबलेला मुकुट एकत्र दिसला, तर वस्तू एक तर १९०१ च्या आधीची, नाही तर विकण्यासाठी नंतर बनवलेली. कोणती, ते कापड आणि धागा सांगतात.

[दृश्य: बिल्ला उलटा केला जातो.]

म्हणून बिल्ला उलटा करा. मी तर समोरची बाजू मागाहूनच पाहतो. हातानं भरलेल्या कामात मागं गाठी दिसतात, धागा एका नक्षीवरून दुसरीकडे उडी मारतो, टाक्यांची लांबी कमीजास्त असते. संगणकावर चालणाऱ्या मशीनचं काम मागूनही एकसारखं दिसतं. कडेला गोफासारखी जाड शिलाई चौफेर फिरली असेल आणि मागं प्लॅस्टिकचा थर असेल, तर तो स्वातंत्र्यापूर्वीचा आहे हा दावा सोडून द्या.

जरीच्या बाबतीत आपल्या घरातल्या बायका जाणकार आहेत. पैठणीची खरी जर ओळखणारी आजी सोनेरी बिल्लाही ओळखेल. खऱ्या कलाबतूत रेशमी दोऱ्याभोवती चांदीची बारीक, सोन्याचा मुलामा दिलेली तार गुंडाळलेली असते. हवेतल्या गंधकानं चांदी काळवंडते. तांब्याची तार असेल, तर हिरवट बुरा धरते. प्लॅस्टिकची जर मात्र तशी काळी पडत नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्या बिल्ल्याचा उंचवटा झिजलेला असतो आणि मळ खाचेत बसलेला असतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला तुकडा सगळीकडे सारखाच तपकिरी दिसतो.

नोटा तपासायचा जांभळा दिवाही कामाला येतो. कापड उजळवणारी रसायनं साधारण दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. पांढरा धागा त्या दिव्याखाली निळसर चमकला, तर संशय घ्यावा. फक्त, खरा जुना बिल्ला कुणी अलीकडे धुण्याच्या पावडरीत घातला असेल, तर तोही चमकतो. एवढ्या एका खुणेवर कुणाच्या आजोबांची वस्तू खोटी ठरवू नका.

[दृश्य: कोटावर बिल्ल्याखालचं गडद कापड.]

फार वाईट वाटतं ते बिल्ला कोटावरून उसवून वेगळा विकला जातो तेव्हा. बिल्ल्याखालचं कापड मूळ रंगाचं राहतं, आजूबाजूचं उन्हानं विटतं. तीच तर खात्रीची साक्ष. ती कात्रीनं संपते. निजामाची खूण म्हणून लाजेनं फेकून देणारेही आहेत. तसं करू नका. मुक्तिसंग्रामाच्या काळातही माणसांनी पोटासाठी नोकरी केली, आणि तो बिल्ला त्यांच्या कष्टाचा कागद आहे.

ठेवायचा कसा? धुवायचा नाही, इस्त्री नाही, जर चकचकीत करायला पावडर नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, म्हणून धुतलेल्या, कोऱ्या सुती कापडात सपाट ठेवा. बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, बिल्ला असेल, तर कसर लागते, तेव्हा अधूनमधून उघडून सावलीत पाहा.

त्याच पेटीत हुकूमनामे, पगाराच्या पावत्या असतील, तर त्या वेगळ्या करू नका. त्यांवर फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष, असेल, तर त्यात ५९० मिळवा: १३५२ फसली म्हणजे १९४२-४३. आणि घरातलं कुणी मोठं अजून सांगू शकत असेल, तर बिल्ला कुणाचा, कुठल्या गावचा, हे आजच विचारून सुती पट्टीवर पेन्सिलीनं लिहून कोटाच्या खिशात ठेवा. शाईचं पेन नको, ओल लागली की शाई पसरते.