अ‍ॅरेचा आकार ठरतो कधी?

(पडद्यावर टर्मिनल. कोडच्या दोनच ओळी.)

पहिली ओळ: कॉन्स्ट इंट एन, किंमत १०. दुसऱ्या ओळीत एन मापाचा अ‍ॅरे, म्हणजे एकाच प्रकारच्या किमतींची रांग. दोन्ही ओळी मेन या मुख्य फंक्शनच्या बाहेर. सी प्लस प्लसचा कंपायलर काही न बोलता हे चालवून घेतो. तीच फाइल सी म्हणून जीसीसी या कंपायलरला द्या, लगेच एरर.

१० तर समोर दिसतायत, मग अडलं कुठे? सी मध्ये कॉन्स्ट एवढंच बजावतो, की या नावाने किंमत बदलायची नाही. पण एन राहतो व्हेरिएबलच. आणि मेनबाहेरच्या अ‍ॅरेचं माप कंपाइल होतानाच पक्कं लागतं.

म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हॅश डिफाइन चालत आलं. कंपायलरच्या हाती कोड पडण्याआधीच प्रीप्रोसेसर नावाच्या जागी आकडा घालून मोकळा होतो. पूर्णांकच हवा असेल तर एनम, म्हणजे ठरलेल्या पूर्णांकांना नावं देणारी यादी, अधिक नेटका. तो स्कोपचे, म्हणजे नाव कुठवर चालतं याचे, नियम पाळतो, चुका शोधायच्या डीबगरमध्येही नावानिशी दिसतो.

(तोच कोड मेनच्या आत सरकतो.)

आता एरर नाही! सी च्या १९९९ च्या प्रमाणाने फंक्शनच्या आत व्हेरिएबल लेंग्थ अ‍ॅरे, म्हणजे व्हीएलए, मान्य केला. त्याची जागा प्रोग्रॅम चालताना स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या, मर्यादित मेमरीत, घेतली जाते. माप फार मोठं निघालं तर सांगणारं कुणी नाही, स्टॅक फुटतो.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ही चैन परवडत नाही. ६४ बिट एक्स८६ प्रोसेसरवर प्रत्येक थ्रेडला स्टॅक जेमतेम १६ केबी. २०१८ मध्ये कर्नल डेव्हलपर केस कुक आणि सहकारी व्हीएलए हुडकून काढत होते, तेव्हा काही अ‍ॅरे भलतेच निघाले. त्यांचं माप होतं दोन ठरलेल्या आकड्यांतला मोठा. वाचणाऱ्याला उत्तर तोंडपाठ. पण दोनातला मोठा आकडा देणारा कर्नलचा मॅक्स मॅक्रो (प्रीप्रोसेसर उलगडतो तो कोडचा तुकडा) आतल्या आत तात्पुरती व्हेरिएबल्स तयार करायचा, आणि तेवढ्यावरून कंपायलर त्याला व्हीएलए ठरवायचा. त्यावर साइझऑफ (माप सांगणारा ऑपरेटर) आणि नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा) यांच्या आडवाटेने जाऊन आकडा आधीच ठरलेला आहे का हे ओळखणारा एक मॅक्रो पुढे आला. काय करामत आहे ती! डिसेंबर २०१८ च्या ४.२० आवृत्तीपासून कर्नल कसा कंपाइल करायचा ते सांगणाऱ्या मेकफाइलमध्येच व्हीएलएवरची वॉर्निंग चालू झाली.

२०११ च्या प्रमाणाने, म्हणजे सी११ ने, व्हीएलए ऐच्छिक केला होताच. सी२३ ने कंपाइल होतानाच किंमत पक्की करणारा कॉन्स्टएक्सपीआर दिला. आपल्या पहिल्या ओळीत कॉन्स्टच्या जागी तो लिहा, मेनबाहेरचा अ‍ॅरेही कंपाइल होतो. मायक्रोकंट्रोलरच्या जुन्या टूलचेनला (कंपायलर वगैरे साधनांना) मात्र तो कळणार नाही. तिथे एनमच लिहा.