बागेतून किती बिअर?

मंडळी, एखादी ब्रुअरी 'आम्ही आमच्याच बागेतला माल वापरतो' असं म्हणाली, की मी आधी हिशेब मांडतो. १००० लिटर साधी बिअर करायला सुमारे २०० किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, लागतं. तेवढी बार्ली पिकवायला, पीक बरं आलं तरी, पाच-सहाशे चौरस मीटर जमीन हवी. आणि ही झाली एका खेपेची गोष्ट! तेव्हा बार्ली शेतकऱ्याकडूनच घ्यावी. हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या बोंडांच्या वेलीचं, गणित निराळं. तेवढ्याच बिअरला दोन-तीन किलो वाळलेली बोंडं पुरतात, आणि एक जोमदार वेल त्यातलं अर्धा-एक किलो सहज देते. पाच-सहा मीटर उंच चढते, जमीन मात्र जेमतेम अडवते.

हॉप्सचा मोठा शत्रू म्हणजे मावा, ती रस शोषणारी बारीक कीड. हा मावा हिवाळाभर अंड्यांच्या रूपात प्लमच्या जातीतल्या झाडांवर असतो आणि वसंत सरता सरता पंख फुटून हॉप्सवर उतरतो. पक्ष्यांना फळं मिळावीत म्हणून वेलींना लागूनच प्लमचं कुंपण केलंत, तर माव्याची सोय तुम्हीच केलीत. फवारणीने मावा मरतो, पण त्याला खाणारेही मरतात. आणि परत येताना मावा आधी येतो.

त्यापेक्षा एका कोपऱ्यात नेटलची खाजरी झुडपं राहू द्या. नेटलवरचा मावा वेगळा. तो लवकर येतो आणि हॉप्सकडे फिरकत नाही. त्याच्यावर ढालकिडे आणि क्रायसोपा हे मावा खाणारे कीटक पोसले जातात. हॉप्सवर मावा उतरेपर्यंत त्यांची फौज तयार असते. नेटल उपटून टाकणारा माळी मला नीटनेटका वाटतो, हुशार वाटत नाही. कॉमा फुलपाखराच्या अळ्या नेटलही खातात आणि हॉप्सही. खाऊ द्या! आपल्याला बोंडं हवीत, चार पानं गेली तर काय बिघडलं?

मधमाश्यांना हॉप्सचा फारसा उपयोग नाही. परागीभवन वाऱ्याने होतं, आणि बोंडांसाठी लावायच्या त्या मादी वेली. म्हणून वेलींजवळ कोथिंबीर पेरा आणि ती खुडू नका, फुलू द्या. फुलांवर सिर्फिड माश्या येतात, त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात, आणि शेवटी धणे हाती लागतात. गव्हाच्या बिअरमध्ये ते छान लागतात.

पण बागेची खरी कमाई तोडणीच्या दिवशी. ताज्या बोंडात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ती एका दिवसात वापरावी लागतात, नाहीतर वाळवावी लागतात. वजनाने वाळलेल्यांच्या पाचपट घालायची. सकाळी तोडलेली बोंडं दुपारी उकळत्या कढईत, हे बाहेरून माल मागवणाऱ्याला जमणं कठीण.

उरलेला माल्टचा चोथा ओला आणि नत्रयुक्त असतो. नुसताच ढीग लावला तर दोन दिवसांत घाण वास सुटतो. त्यात भरपूर वाळका पाला मिसळा, चांगलं कंपोस्ट होतं. हॉप्सचा चोथा मात्र झाकून ठेवा. तो कुत्र्यांना विषारी असतो, जीवही जाऊ शकतो, आणि ब्रुअरीच्या आवारात कुत्रं असतंच.