डेमो इम्पोर्ट झाला, पण आयकॉन कुठंयत? एसव्हीजीचं प्रकरण एकदाचं बघूच

नमस्कार! गेल्या व्हिडिओखाली अर्ध्या कमेंट एकाच गोष्टीच्या, "दादा, डेमो इम्पोर्ट केला, सगळं आलं, लोगो आणि आयकॉनच्या जागी नुसते रिकामे चौकोन." डेमो म्हणजे थीमसोबत, साइटच्या तयार डिझाइनसोबत, येणारी नमुना साइट, आणि तिचे लोगो-आयकॉन बऱ्याचदा एसव्हीजी प्रकारच्या फाइलींत असतात. चौकोन येणारच ना, वर्डप्रेस, म्हणजे आपण साइट बनवतो ते सॉफ्टवेअर, एसव्हीजी मुळात घेतच नाही आणि डेमो आत आणणाऱ्या इम्पोर्टरलाही तोच नियम. बॅकअप घ्या, रिकाम्या साइटवर इम्पोर्ट करा, हे माहितीये तुम्हाला, पुढे जातो.

आता माझं डोकं फिरतं ते इथे. लोक काय करतात, कुठूनतरी चार ओळींचा अपलोड माइम्सवाला कोड, म्हणजे एसव्हीजी अपलोडला परवानगी देणारा, आणतात, थीमच्या फंक्शन्स डॉट पीएचपी या फाइलीत चिकटवतात, आयकॉन दिसले की खूश. अहो, तो कोड तपासत काहीच नाही! वॉचमनला सांगितलं पांढऱ्या शर्टवाल्याला अडवू नको, मग आत कोण शिरलं ते त्याला काय माहीत?

कारण एसव्हीजी म्हणजे जेपीजीसारखा फोटो नाहीये, तो मजकूर आहे, एक्सएमएल. नोटपॅडमध्ये उघडा, अक्षरं दिसतील. आणि त्या अक्षरांत जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, बसू शकते. मागे एका क्लायंटने टेलिग्रामवरून फुकट उचललेली थीम दिली होती, केटरिंगवाले होते, साधी माणसं, त्यांच्या डेमोमधल्या चमच्याच्या आयकॉनमध्ये मला स्क्रिप्टचा टॅग सापडला. चमचा हो, साधा चमचा!

कोणीतरी लिहिलंय, "इमेज टॅगमधून लावली तर स्क्रिप्ट चालतच नाही, उगाच घाबरवता." बरोबर आहे की, इमेज टॅगमध्ये, म्हणजे पानावर चित्र म्हणून दाखवली तर, नाही चालत. पण तीच फाइल थेट लिंकने टॅबमध्ये उघडली तर चालते, तुमच्याच डोमेनवर चालते, आणि उघडणारा ॲडमिन लॉगिन असेल तर त्याच्या नावावर हवं ते करून जाते.

म्हणून सेफ एसव्हीजीसारखा प्लगिन, वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाका, तो एसव्हीजीला परवानगी देतो आणि अपलोड होतानाच फाइल साफ करतो. झालं? नाही झालं, आणि हे कोणीच सांगत नाही. ही साफसफाई अपलोडच्या दारावर बसलेली असते, आणि इम्पोर्टर बऱ्याचदा डेमो सर्व्हरवरून फाइल ओढून मागच्या दाराने थेट फोल्डरमध्ये ठेवतो. म्हणजे प्लगिन चालू, फाइल आत, आणि साफ झालेलीच नाही! परत सांगतो, परवानगी मिळाली म्हणजे फाइल साफ झाली असं नाही, प्लगिन असला तरीसुद्धा.

मी काय करतो, इम्पोर्टआधी डेमोच्या एसव्हीजी एकेक करून एडिटरमध्ये उघडतो आणि शोधतो: स्क्रिप्ट, ऑनलोड-ऑनक्लिकसारखं ऑनने सुरू होणारं काहीही, फॉरेनऑब्जेक्ट (एसव्हीजीत वेबपेजचा तुकडा घालणारा टॅग), बाहेरच्या साइटची लिंक. फाइली आधी हातात नसतील तर इम्पोर्टनंतर अपलोड्स फोल्डरमध्ये हेच करतो. आयकॉन पंधरा-वीस असतात हो, चहा संपायच्या आत होतं. शंका आली ती डिलीट, आणि हवीच असेल तर मीडिया लायब्ररीतून हाताने परत अपलोड, म्हणजे प्लगिनच्या हाताखालून जाते.

काम झालं की एसव्हीजी अपलोडची परवानगी बंद करा. "बंद केली तर आयकॉन जातील का?" नाही जात, आलेल्या फाइली तशाच दिसतात, फक्त नवीन घेणं थांबतं.

आणि ते "पीएनजीच वापरा ना" वाले, तीन आयकॉनसाठी मीही तेच करतो, लोगोला मात्र नाही, मोठ्या स्क्रीनवर फाटतो. फुकट थीमवाल्यांनो, तुमच्यावर वेगळा व्हिडिओ येतोय, कमेंटमध्ये भांडण आधीच सुरू झालंय.